राजाचें नांव, प्रधानाचें उत्तर

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांत बाल्मोरल नांवाचा राजवाडा आहे. ६ सप्टेंबर २०२२ रोजीं तेथें एक लहानसा समारंभ झाला. ९६ वर्षांची राणी दुसरी एलिझाबेथ हातांत काठी घेऊन दिवाणखान्यांत उभी होती. आधीं बोरिस जॉन्सन आले व त्यांनीं मुख्य प्रधानपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर लिझ ट्रस आल्या व राणीनें त्यांना नवें सरकार बनविण्यास सांगितलें. विन्स्टन चर्चिल यांच्यापासून मोजल्यास त्या राणीच्या पंधराव्या मुख्य प्रधान होत. दोन दिवसांनीं राणीनें देह ठेवला. ती ७० वर्षें गादीवर होती. तिनें नेमलेल्या त्या शेवटच्या मुख्य प्रधानांची कारकीर्द मात्र ४९ दिवसांत आटोपली. त्यांच्या अर्थविषयक धोरणानें बाजार हादरला, त्यांच्याच पक्षाच्या सभासदांचा त्यांच्यावरील विश्वास उडाला, आणि त्यांना पायउतार व्हावें लागलें. सत्तर वर्षें जी टिकली तिच्या हातीं सत्ता नव्हती. जिच्या हातीं सत्ता आली ती सत्तर दिवसहि टिकली नाहीं.

'राजा बोले, दळ हाले' अशी आपल्याकडे म्हण आहे. इंग्लंडांत या म्हणीचा अर्थ उलटा झाला आहे. पार्लमेंटच्या अधिवेशनाच्या आरंभीं राजा मुकुट धारण करून लॉर्डांच्या सभेंतील सिंहासनावर बसतो व भाषण वाचतो. माझें सरकार अमुक कायदा करील, तमुक सुधारणा घडवून आणील, असें तो म्हणतो. परंतु त्या भाषणांतील एकहि शब्द त्याचा स्वतःचा नसतो. तें प्रधानमंडळानें लिहून दिलेलें असतें, आणि तें त्याला पसंत असो वा नसो, जसेंच्या तसें वाचावें लागतें. सैन्य त्याचें, न्यायालयें त्याचीं, टपालाच्या तिकिटावर मुद्रा त्याची. निर्णय मात्र दुसऱ्याचा. ही व्यवस्था एखाद्या पंडितानें कागदावर आखून दिलेली नाहीं. ती तीन शतकांच्या झगड्यांतून घडली आहे, आणि त्या झगड्याच्या मुळाशीं एकच प्रश्न होता: कारभार बिघडला तर जाब कोणाला विचारावयाचा?

इंग्रजी राज्यघटनेंत एक जुनें सूत्र आहे, कीं राजाच्या हातून अपराध घडत नाहीं. वरवर ऐकणाराला ही राजाची खुशामत वाटेल. खरा अर्थ निराळा आहे. राज्यकारभारांत चूक झाली तर ती राजाला सल्ला देणाराची मानावयाची, असें तें सूत्र सांगतें. राजाला दोष लावतां येत नाहीं, म्हणूनच दोष घ्यावयास दुसरें कोणी तरी उभें असलें पाहिजे. मुख्य प्रधानपदाचा इतिहास म्हणजे हा दुसरा माणूस कोण, व त्याला कोणत्या रीतीनें जबाबदार धरावयाचें, हें ठरविण्याचा इतिहास होय.

सतराव्या शतकांत ही रीत फार क्रूर होती. पहिला चार्ल्स राजा पार्लमेंटला न जुमानतां राज्य करूं पाहत होता, व अर्ल ऑफ स्ट्रॅफर्ड हा त्याचा प्रमुख सल्लागार होता. पार्लमेंटचा सारा राग स्ट्रॅफर्डवर निघाला. तुझ्या जिवाला धक्का लागूं देणार नाहीं, असें अभयपत्र राजानें त्याला लिहून दिलें होतें. परंतु पार्लमेंटनें त्याच्या देहान्त शिक्षेचा कायदा मंजूर केला, लंडनचे रस्ते खवळलेल्या जमावानें भरून गेले, आणि राजानें त्या कायद्याला संमति दिली. १२ मे १६४१ रोजीं स्ट्रॅफर्डचा शिरच्छेद झाला. एवढ्यानेंहि हिशेब मिटला नाहीं. यादवी युद्ध झालें, आणि ३० जानेवारी १६४९ रोजीं खुद्द राजाचेंहि मस्तक कुऱ्हाडीखालीं गेलें. सत्ताधीशाला दूर करण्याचा दुसरा मार्ग त्या काळीं इंग्रजांना ठाऊक नव्हता.

१६८८ च्या क्रांतीनें दुसरा जेम्स पळून गेला, व पुढील वर्षीं हक्कांचा कायदा झाला. पार्लमेंटच्या संमतीवांचून कर बसवावयाचा नाहीं, शांततेच्या काळांत खडें सैन्य ठेवावयाचें नाहीं, असें त्या कायद्यानें ठरलें. राजाच्या हातीं प्रधान नेमण्याचा अधिकार राहिला, परंतु तिजोरीची किल्ली कॉमन्स सभेकडे गेली. पैसा मिळाल्याशिवाय राज्य चालत नाहीं. तेव्हां कॉमन्स सभेचें मन वळवून पैसा मंजूर करून आणील असा माणूस राजाला जवळ ठेवणें भाग पडलें. मुख्य प्रधानाचा जन्म या गरजेंतून झाला.

१७१४ सालीं ऍन राणी वारली. तिच्या पश्चात् मूल नसल्यामुळें जर्मनींतील हॅनोव्हरचा राजपुरुष जॉर्ज हा इंग्लंडच्या गादीवर आला. त्याचें वय ५४ वर्षांचें होतें. इंग्रजी त्याला बेताचेंच येत असे, आणि त्याचा जीव हॅनोव्हरमध्यें गुंतलेला होता. प्रधानांच्या बैठकींना हजर राहणें त्यानें हळूहळू सोडून दिलें. अध्यक्षाची जागा रिकामी राहिली कीं तेथें कोणी तरी बसतोच. १७२० मध्यें दक्षिण समुद्र कंपनीच्या भागांचे भाव कोसळून हजारों कुटुंबें बुडालीं. त्या गोंधळांतून वाट काढण्यास १७२१ सालीं रॉबर्ट वॉल्पोल पुढें आला व 'खजिन्याचा पहिला लॉर्ड' झाला. नॉरफोक परगण्यांतील हा जमीनदार आंकडेमोडींत मुरलेला व माणसें ओळखण्यांत पटाईत होता. देणग्या व नेमणुका वाटून तो सभासदांना आपलेसे करी, ही त्याची काळी बाजूहि इतिहासानें नोंदली आहे. परंतु एक गोष्ट त्यानें अचूक ओळखली होती. सत्तेवर असेपर्यंत तो लॉर्डांच्या सभेंत गेला नाहीं. तो कॉमन्स सभेंतच बसून राहिला. राजाचा विश्वास व सभेचें बहुमत या दोन्ही गोष्टी ज्याच्यापाशीं असतील तोच कारभार करूं शकेल, हें त्यानें एकवीस वर्षें दाखवून दिलें.

गंमत अशी, कीं मुख्य प्रधान हें नांव त्या काळीं शिवीसारखें वापरलें जात असे. राजा व प्रजा यांच्यामध्यें घुसलेला एक उपटसुंभ, असा त्याचा ध्वनि होता. १७४१ सालीं वॉल्पोलला काढून टाकण्याचा ठराव आला, तेव्हां आपण मुख्य प्रधान नाहींच असें त्यानें भर सभेंत सांगितलें. दुसऱ्या जॉर्जनें डाउनिंग स्ट्रीटवरील घर त्याला बक्षीस देऊं केलें होतें. वॉल्पोलनें तें खाजगी मालमत्ता म्हणून घेतलें नाहीं. खजिन्याचा पहिला लॉर्ड जो कोणी असेल त्याला तें राहावयास मिळावें, अशी त्यानें तोड काढली. १७३५ सालीं तो तेथें राहावयास गेला. त्या घराच्या दारावरील पितळी पट्टीवर आजहि 'खजिन्याचा पहिला लॉर्ड' हींच अक्षरें आहेत. घर हुद्द्याचें, माणसाचें नव्हे, हा धडा त्या पट्टींत कोरलेला आहे.

१७४२ च्या आरंभीं वॉल्पोलचें बहुमत ओसरलें. चिपनहॅम येथील एका वादग्रस्त निवडणुकीच्या प्रश्नावर कॉमन्स सभेंत त्याची हार झाली व त्यानें राजीनामा दिला. राजाला तो हवा होता, तरीहि त्याला जावें लागलें. शत्रूंनीं त्याच्या कारभाराची चौकशी मांडली, परंतु त्याच्या केसालाहि धक्का लागला नाहीं. तो लॉर्डांच्या सभेंत गेला आणि १७४५ सालीं आजारपणांत वारला. स्ट्रॅफर्डच्या वधाला शंभर वर्षें झालीं होतीं. तेवढ्या अवधींत कुऱ्हाडीची जागा राजीनाम्यानें घेतली.

महाराष्ट्राच्या इतिहासाशीं परिचय असलेल्या श्रोत्यांना येथें साताऱ्याची आठवण होणें साहजिक आहे. १७१३ सालीं शाहू महाराजांनीं बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद दिलें. १७२० मध्यें पहिला बाजीराव पेशवा झाला, म्हणजे वॉल्पोलच्या आधीं अवघें एक वर्ष. तेथेंहि राजाचें नांव राहिलें व कारभार प्रधानाकडे गेला. परंतु साम्य येथेंच संपतें. पेशवेपद बापाकडून मुलाकडे जाऊं लागलें. १७४९ सालीं शाहू महाराज निवर्तले, त्यानंतर सत्तेचें केंद्र पुण्यास आलें, आणि पेशव्याला ठरलेल्या रीतीनें जाब विचारील अशी सभा महाराष्ट्रांत नव्हती. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यानंतर बारभाईंच्या कारस्थानानें राघोबादादांना दूर सारण्यांत आलें. परंतु तें कारस्थानच होतें, कायदा नव्हता. प्रधान समर्थ असणें निराळें आणि प्रधान उत्तरदायी असणें निराळें.

इंग्लंडांतील राजानेंहि आपला अधिकार एकदम सोडला नाहीं. तिसरा जॉर्ज हा हट्टी व कामसू राजा होता. अमेरिकेंतील वसाहतींशीं चाललेलें युद्ध थांबवूं नये असा त्याचा निर्धार होता, व त्याचा मुख्य प्रधान लॉर्ड नॉर्थ हा पुनः पुनः मोकळें करण्याची विनंति करीत असतांहि राजा त्याला सोडीत नव्हता. ऑक्टोबर १७८१ मध्यें यॉर्कटाउन येथें इंग्रज सैन्य शरण गेलें. फेब्रुवारी १७८२ च्या अखेरीस कॉमन्स सभेनें युद्ध पुढें चालविण्याविरुद्ध ठराव केला, आणि २० मार्च रोजीं नॉर्थनें सभेंत राजीनामा जाहीर केला. त्याच्याबरोबर जवळजवळ सबंध प्रधानमंडळ बाहेर पडलें. राजाला याचा एवढा संताप आला कीं त्यानें गादी सोडण्याच्या संदेशाचा मसुदा तयार केला. तो त्यानें पाठविला मात्र नाहीं. युद्ध राजाच्या इच्छेनें चाललें होतें, परंतु त्याचें अपयश पदरांत घेऊन घरीं गेला तो नॉर्थ. राजा राहिला, सरकार गेलें, धोरण बदललें, आणि देशांत रक्ताचा थेंब सांडला नाहीं.

यानंतर पन्नास वर्षांनीं या प्रश्नाची शेवटची मोठी परीक्षा झाली. नोव्हेंबर १८३४ मध्यें चौथ्या विल्यमनें लॉर्ड मेलबर्न यांच्या प्रधानमंडळाला निरोप दिला. कॉमन्स सभेचा त्या मंडळावरील विश्वास उडालेला नव्हता. राजालाच तें नको होतें. रॉबर्ट पील त्या वेळीं इटलींत प्रवासास गेले होते. त्यांना बोलावून आणून मुख्य प्रधान करण्यांत आलें. निवडणूक झाली. पीलच्या पक्षाच्या जागा पुष्कळ वाढल्या, परंतु बहुमत कांहीं मिळालें नाहीं. सभेंत पराभवामागून पराभव पत्करून एप्रिल १८३५ मध्यें पीलनीं राजीनामा दिला, आणि ज्यांना राजानें घालवून दिलें होतें त्याच मेलबर्नना परत बोलावणें त्याला भाग पडलें. इंग्लंडच्या राजानें आपल्या मर्जीनें प्रधानमंडळ काढून टाकल्याचा हा शेवटचा प्रसंग होय. तसें करण्यास मनाई करणारा कायदा तेव्हांहि झाला नाहीं. एकदां हात पोळल्यावर पुढील राजांनीं त्या निखाऱ्याला हात लावला नाहीं, इतकेंच.

व्हिक्टोरिया राणीला आवडनिवड नव्हती असें नाहीं. मे १८३९ मध्यें मेलबर्न यांनीं राजीनामा दिला व पीलना बोलावण्यांत आलें. राणीच्या भोंवतालच्या मानकरी स्त्रिया बहुतेक विरोधी पक्षाच्या घराण्यांतील होत्या; त्यांपैकीं कांहीं बदलाव्या, अशी पीलनीं मागणी केली. एकोणीस वर्षांच्या राणीनें ती साफ नाकारली. पीलनीं सरकार बनविलें नाहीं, आणि मेलबर्न पुनः आले. राणी जिंकली असें दिसलें. पण हा विजय दोन वर्षांचाच ठरला. १८४१ च्या निवडणुकींत पीलच्या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालें व राणीला त्यांनाच मुख्य प्रधान करावें लागलें. पुढें १८८० सालीं ग्लॅडस्टन यांच्या पक्षाचा जय झाला. राणीला ग्लॅडस्टन मनापासून नावडत असत. दुसऱ्या पुढाऱ्यांनीं सरकार बनवावें म्हणून तिनें प्रयत्न करून पाहिला. परंतु ग्लॅडस्टनवांचून सरकार उभें राहणार नाहीं असें त्या पुढाऱ्यांनींच तिला सांगितलें. तेव्हां तिनें त्यांना बोलावलें. राणीच्या मर्जीपेक्षां मतपेटीचा कौल मोठा, हें या वेळेपर्यंत कोणी न लिहितांच ठरून गेलें होतें.

याच काळांत, १८६७ मध्यें, वॉल्टर बॅजट या लेखकानें इंग्रजी राज्यघटनेवरील आपल्या ग्रंथांत राजाच्या वाट्याला काय उरलें याचा हिशेब मांडला. प्रधानानें राजाला विचारावें, राजानें त्याला धीर द्यावा, आणि वेळ पडल्यास सावध करावें. याहून अधिक कांहीं शहाण्या राजानें मागूं नये, असा त्याचा आशय. मुख्य प्रधानाच्या कर्तव्यांची दुसरी बाजू यावरूनच कळते. तो सहकारी प्रधान निवडतो व त्यांच्या बैठकीचा अध्यक्ष असतो. मंडळांत वाद कितीहि झाला तरी बाहेर सर्वांनीं एकच बोलावें लागतें; ज्याला तें मान्य नसेल त्यानें राजीनामा द्यावा, अशी रीत आहे. दर आठवड्यास मुख्य प्रधान राजाची भेट घेतो. त्या भेटीला तिसरें माणूस नसतें व तेथील बोलण्याची नोंद ठेवली जात नाहीं. त्याच आठवड्यांत बुधवारीं तोच मुख्य प्रधान कॉमन्स सभेंत अर्धा तास उभा राहून प्रश्नांना उत्तरें देतो, आणि तेथील शब्दन् शब्द छापला जातो. राजापुढें तो एकांतांत बोलतो; प्रजेच्या प्रतिनिधींपुढें त्याला सर्वांसमक्ष बोलावें लागतें.

विसाव्या शतकांत या व्यवस्थेचा कस अनेक वेळां लागला. १९०९ सालीं लॉइड जॉर्ज यांचें अंदाजपत्रक लॉर्डांच्या सभेनें फेटाळलें, आणि वंशपरंपरेनें बसलेली सभा थोर कीं निवडून आलेली, असा सामना जुंपला. १९१० सालीं दोन निवडणुका झाल्या. जरूर पडल्यास शेंकडों नवे लॉर्ड नेमून त्या सभेंतील बहुमत मोडून काढावें, असा सल्ला मुख्य प्रधान ऍस्क्विथ यांनीं पांचव्या जॉर्जला दिला. राजाला तो रुचला नाहीं, परंतु त्यानें वचन दिलें. त्या वचनाच्या धाकानेंच ऑगस्ट १९११ मध्यें लॉर्डांच्या सभेनें स्वतःचे अधिकार कमी करणारा कायदा १३१ विरुद्ध ११४ मतांनीं मान्य केला.

१९३६ मध्यें तर प्रश्न खुद्द राजाच्या विवाहाचा होता. आठव्या एडवर्डला दोन वेळां घटस्फोट घेतलेल्या एका अमेरिकन स्त्रीशीं विवाह करावयाचा होता. मुख्य प्रधान बाल्डविन यांनीं राजाला सांगितलें, कीं सरकारला हा विवाह मान्य नाहीं. राजानें सल्ला झुगारला असता तर प्रधानमंडळानें राजीनामा दिला असता, आणि पुढची निवडणूक राजाच्या बाजूचे व विरुद्ध बाजूचे अशा दोन तटांत झाली असती. राजा एकदां पक्षाचा झाला कीं तो राष्ट्राचा राहत नाहीं. एडवर्डनें डिसेंबरांत राज्यत्याग केला, व त्याचा भाऊ सहावा जॉर्ज गादीवर आला.

परंतु या पद्धतीचें खरें मोल कळण्यास मे १९४० चे दिवस पाहावे लागतात. नॉर्वेमधील मोहीम फसली होती. ७ व ८ मे रोजीं कॉमन्स सभेंत तीवर चर्चा झाली. नेव्हिल चेंबरलेन यांच्या बाजूनें २८१ व विरुद्ध २०० मतें पडलीं. एरवीं दोनशेंहून अधिक असणारें मताधिक्य ८१ वर आलें. सरकार पक्षाच्या सुमारें चाळीस सभासदांनीं आपल्याच मुख्य प्रधानाविरुद्ध मत दिलें. जिंकूनहि चेंबरलेन हरले. मजूर पक्षानें त्यांच्या हाताखालीं काम करण्याचें नाकारलें, आणि १० मे रोजीं, ज्या दिवशीं जर्मन फौजा हॉलंड व बेल्जममध्यें घुसल्या त्याच दिवशीं, त्यांनीं राजीनामा दिला. राजाच्या मनांत लॉर्ड हॅलिफॅक्स होते. चेंबरलेन यांनीं चर्चिल यांचें नांव सुचविलें, व राजानें त्याच संध्याकाळीं चर्चिलना बोलावलें. शत्रु दाराशीं आलेला असतांना राज्याचा कारभारी बदलला, आणि त्यासाठीं एका शिपायालाहि बराकींतून बाहेर यावें लागलें नाहीं.

पांच वर्षांनीं याहूनहि विलक्षण गोष्ट घडली. युरोपांतील युद्ध जिंकून चर्चिल पॉट्सडॅमच्या परिषदेस ट्रुमन व स्टॅलिन यांच्या पंक्तीला बसले होते. मध्येंच ते निवडणुकीचा निकाल ऐकण्यासाठीं लंडनला परतले. २६ जुलै १९४५ रोजीं निकाल लागला. मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या होत्या. ज्यानें राष्ट्राला मरणाच्या दारांतून ओढून आणलें त्याला राष्ट्रानें सत्तेवरून उतरविलें. चर्चिल त्याच संध्याकाळीं राजवाड्यांत गेले व राजीनामा देऊन घरीं आले. परिषदेंतील त्यांच्या खुर्चीवर क्लेमेंट ऍटली जाऊन बसले. कृतज्ञता निराळी व विश्वासाचें मत निराळें, हा भेद तेथील प्रजेनें केला, आणि चर्चिल यांनीं तो मानला. प्रजेनें केला यापेक्षां चर्चिल यांनीं मानला, यांत अधिक थोरवी आहे.

उत्तरदायित्वाचें हें सूत्र अगदीं अलीकडेहि प्रत्ययास आलें. २०१९ सालीं बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणीनें पार्लमेंटचें अधिवेशन पांच आठवड्यांसाठीं स्थगित केलें. २४ सप्टेंबर रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनीं एकमतानें तें बेकायदेशीर ठरविलें. हुकूम राणीच्या नांवानें निघाला होता, परंतु न्यायालयानें दोष सल्ला देणाराला दिला. स्ट्रॅफर्डच्या काळचें तेंच सूत्र, पण आतां त्याच्या हातीं कुऱ्हाड नव्हती, निकालपत्र होतें.

ही पद्धति इंग्लंडपुरतीच राहिली नाहीं. जपानच्या १९४७ च्या राज्यघटनेनें सम्राटाकडे राज्यकारभाराचा कोणताहि अधिकार ठेवला नाहीं. स्वीडननें तर १९७५ पासून मुख्य प्रधान सुचविण्याचें कामहि राजाकडून काढून पार्लमेंटच्या अध्यक्षाकडे दिलें. भारतानें राजा ठेवला नाहीं, परंतु राजाच्या जागीं राष्ट्रपति व मुख्य प्रधानाच्या जागीं पंतप्रधान असा तोच सांचा स्वीकारला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनेचा मसुदा मांडतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं घटना समितींत याचें कारण सांगितलें. अमेरिकेच्या पद्धतींत सरकार अधिक स्थिर असतें, तर इंग्लंडच्या पद्धतींत तें अधिक उत्तरदायी असतें. तेथें सरकारची परीक्षा निवडणुकीच्या वेळीं मतदार घेतात, आणि मधल्या काळांत सभागृह ती रोज घेत असतें. मसुद्यानें स्थैर्यापेक्षां उत्तरदायित्वाला अधिक मान दिला आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

या निवडीची किंमतहि भारतानें मोजली आहे. १७ एप्रिल १९९९ रोजीं लोकसभेंत अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारच्या बाजूनें २६९ व विरुद्ध २७० मतें पडलीं. एका मतानें सरकार गेलें. एका मतावर एवढ्या मोठ्या देशाचा कारभार लटकावा हें कोणाला विपरीत वाटेल. परंतु ज्या राज्यांत एका मतानें सरकार जातें, त्या राज्यांत सरकार घालविण्यासाठीं तरवार उपसावी लागत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवलें पाहिजे.

तेव्हां राजसत्ताक लोकशाहींत मुख्य प्रधानाचें काम काय, असें कोणी विचारल्यास त्याचे अधिकार मोजून पुरें उत्तर मिळणार नाहीं. प्रधान नेमणें, निवडणुकीचा सल्ला देणें, परराष्ट्रांशीं बोलणीं करणें हे अधिकार मोठे खरेच. पण ते राजाच्या नांवानें उसने घेतलेले आहेत. त्याचें स्वतःचें असें एकच आहे, आणि तें म्हणजे उत्तर. चुकलें तर माझें चुकलें असें सभागृहांत उभें राहून त्यानें म्हणावयाचें, आणि सभेला तें पटलें नाहीं तर डाउनिंग स्ट्रीटवरील त्या घरांतून आपलें सामान हलवावयाचें. तो ज्या दिवशीं जातो त्याच दिवशीं दुसरा तेथें येतो. दारावरील पितळी पट्टी मात्र बदलावी लागत नाहीं. तिच्यावर कोणाचेंहि नांव लिहिलेलें नाहीं.